पायासीचा चोर : जीव तपासून पाहणाऱ्या राजाचं प्रकरण

एका चोराला जिवंतपणीच रांजणात घातलं. रांजणाचं तोंड झाकून त्यावर ओलं कातडं आवळून बांधलं, वरून ओल्या मातीचा जाड थर लिंपला, रांजण चुलाणावर चढवला आणि खाली जाळ घातला. आतला माणूस मेल्याची खात्री झाल्यावर रांजण उतरवला, लेप फोडला, तोंड हळूच उघडलं. भोवतीची माणसं डोळ्यांत तेल घालून पाहत होती. कोंडलेला जीव बाहेर पडताना दिसतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

काही दिसलं नाही.

हा प्रयोग करवणाऱ्याचं नाव पायासी. पालीतल्या दीघनिकायातलं, म्हणजे बुद्धकालीन लांब संवादांच्या संग्रहातलं, तेविसावं सुत्त त्याच्याच नावाचं आहे. प्रकरण ग्रंथातलं आहे, तो रांजण काही कुणी उकरून काढलेला नाही, तेव्हा 'खरंच घडलं का' या वादात मी शिरत नाही. मला त्याचं महत्त्व वाटतं ते वेगळ्याच कारणाने. हाच राजा, हेच चोरावरचे प्रयोग आणि जवळजवळ हीच उत्तरं जैनांच्या राजप्रश्नीय सूत्रातही आहेत. तिथे राजाचं नाव पएसी, संस्कृतात प्रदेशी. आता जैन मानतात की प्रत्येक देहात एक नित्य जीव असतो आणि तोच जन्मोजन्मी पुढे जातो. बौद्ध मानतात की असा टिकून राहणारा आत्मा नाहीच, तरी जन्मांची साखळी मात्र चालू राहते. म्हणजे आत्म्याविषयी एकमेकांच्या उलट बोलणाऱ्या दोन परंपरांनी एकाच संशयी राजाला बोलावलं आणि दोघींनीही त्याला हरवला. असं कसं झालं, हे पाहण्यासाठी हे प्रकरण पहिल्यापासून उलगडायला हवं.

जागा आणि माणसं

पायासी राहायचा सेतव्येला. कोसलच्या पसेनदी राजाने त्याला ही नगरी इनाम दिली होती. गवत, लाकूड, पाणी, धान्य यांची रेलचेल असलेली, असं सुत्त सांगतं. श्रावस्तीहून कपिलवस्तूकडे जाताना ती वाटेत लागायची. आपल्याकडच्या वाचकाला ही वाट अगदीच परकी नाही. बौद्धांच्या सुत्तनिपात या ग्रंथातल्या पारायणवग्गात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरी ब्राह्मणाचे सोळा शिष्य बुद्धाच्या भेटीला पैठणमार्गे निघतात. माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती अशी त्यांची मजल दरमजल आहे, आणि श्रावस्तीनंतरचं नाव सेतव्याचं.

पायासीचं म्हणणं तीन तुकड्यांत होतं. परलोक नाही. आईबापांवाचून आपोआप प्रकट होणारे, म्हणजे देवलोकात किंवा नरकात उपजणारे जीव नाहीत. आणि बऱ्यावाईट कर्मांचं फळ मिळत नाही. त्या काळी असं बोलणारा तो एकटा नव्हता. चार महाभूतांचा माणूस मेला की पृथ्वी पृथ्वीला, पाणी पाण्याला मिळतं आणि मागे राख उरते, असं अजित केसकंबली सांगत होता. पण अजित शिकवण देत फिरायचा. पायासीच्या हातात दंडाची सत्ता होती, आणि ती त्याने या कामाला लावली.

समोरचा माणूस कुमार कस्सप. याची आई भिक्षुणी झाली तेव्हा दिवस गेलेले होते आणि तिला ते ठाऊक नव्हतं. संघात बोभाटा झाला, उपाली या भिक्षूने चौकशी केली, विशाखा या उपासिकेने हिशेब घालून गर्भ दीक्षेच्या आधीचा असल्याचं ठरवलं. मुलगा राजवाड्यात वाढला, पुढे भिक्षू झाला. रंगवून, नाना तऱ्हांनी सांगणाऱ्या भिक्षूंमध्ये बुद्धाने त्याला पहिला मान दिला होता. हे ध्यानात ठेवावं, कारण पुढचा सगळा सामना त्याने दृष्टांतांवर लढवला आहे.

दुपारी माडीवर आडवा झालेल्या पायासीला दिसलं, की नगरातले ब्राह्मण आणि गृहस्थ थव्याथव्याने उत्तरेला, शिंसपावनाकडे चालले आहेत. त्याने कारभाऱ्याला विचारलं, मग निरोप पाठवला : थांबा, मीही येतो. तो भिक्षू माझ्या भोळ्या माणसांना परलोक पटवून टाकेल, ही त्याची काळजी होती.

परत न आलेले नातेवाईक

'मेल्यावर काय होतं ते बघून परत कोण आलंय?' हे आपल्याकडे कुठल्याही पारावर ऐकू येतं. पायासी ते नुसतं बोलून थांबला नाही, त्याने तशी व्यवस्था केली. चोऱ्या, हत्या, व्यभिचार करणारे त्याचे आप्त मरणाच्या दारी होते, त्यांच्या उशाशी जाऊन त्याने सांगितलं : श्रमण-ब्राह्मण म्हणतात ते खरं असेल तर तुम्ही नरकात जाल. गेलात तर येऊन मला सांगा. तुमच्यावर माझा भरवसा आहे, तुम्ही पाहिलंत म्हणजे मी स्वतः पाहिल्यासारखंच. ते 'बरं' म्हणाले आणि मेले. कुणी आलं नाही, कुणी दूतही धाडला नाही. सदाचारी आप्तांशीही त्याने असाच करार केला. तेही आले नाहीत.

मला ही गोष्ट फार आवडते. मरणाआधी ठरवून ठेवलेली खूण ही कल्पना पुढे पुन्हापुन्हा आली. इंग्लंडातले फ्रेडरिक मायर्स 1901 मध्ये वारले. त्यांनी बंद लिफाफ्यात एक मजकूर ऑलिव्हर लॉज यांच्याकडे ठेवला होता, आणि तो 1904 मध्ये उघडला तेव्हा मृतांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या माध्यमामार्फत आलेल्या संदेशाशी जुळला नाही. जादूगार हूडिनी 1926 मध्ये गेला. त्याने बायकोशी सांकेतिक शब्द ठरवले होते. तिने दहा वर्षं त्याच्या आत्म्याला बोलावण्याच्या बैठका भरवल्या आणि 1936 मध्ये नाद सोडला. पायासीची पद्धत यांच्याहून कच्ची नव्हती.

कस्सपाचं पहिलं उत्तर असं : वधस्थानी नेलेला चोर म्हणाला, 'जरा थांबा, अमक्या गावी जाऊन सोयऱ्यांना भेटून येतो', तर मारेकरी सोडतील? नाही ना? मग नरकपाल तुझ्या आप्तांना कसे सोडतील? सदाचाऱ्यांबद्दलचं उत्तर जास्त झणझणीत आहे. विष्ठेच्या खड्ड्यात बुडालेल्या माणसाला वर काढलं, खरवडून धुतलं, उटणं लावलं, नवी वस्त्रं नेसवून महालात बसवलं, तर त्याला पुन्हा त्या खड्ड्यात उडी मारावीशी वाटेल का? देवांना माणसाची दुर्गंधी शंभर योजनांवरून येते म्हणे. शिवाय इथली शंभर वर्षं म्हणजे त्रायस्त्रिंश देवांचा एक दिवस. दोनतीन दिवस सुख भोगून मग सांगायला जाऊ, असं तुझ्या आप्तांनी ठरवलं असेल तर तोवर तू कुठे असशील?

पायासीने इथे चोख पकडलं. देव आहेत आणि ते इतकं जगतात, हे तुला कुणी सांगितलं? प्रश्न बिनतोड होता. कस्सपाने जन्मांधाचा दृष्टांत दिला : रंग नाहीत, मला दिसत नाहीत म्हणून ते नाहीत, असं म्हणणाऱ्या आंधळ्यासारखं तू बोलतोस. पण आंधळ्याला रंगांची खातरी देणारी डोळस माणसं गावभर असतात आणि त्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळतात. परलोक पाहिल्याचं सांगणाऱ्यांच्या साक्षी तशा जुळतात का, हे पायासीने विचारलं नाही. त्याने विचारायला हवं होतं असं मला राहून राहून वाटतं.

मग त्याने एक वेगळाच टोला हाणला. पुण्यवान श्रमणांना मेल्यावर इतकं सुख मिळणार आहे, तर ते विष घेऊन मरत का नाहीत? त्यावरची कथा भीषण आहे. मुलगा की मुलगी हे आधीच कळावं आणि वाटणी मिळावी म्हणून स्वतःचं पोट चिरणाऱ्या गर्भार सवतीची. कच्चं फळ झाडावरून ओरबाडू नये, हा तिचा मथितार्थ.

चोरावर चाचण्या

रांजणाचा प्रयोग वर सांगितला. कस्सपाने त्याला विचारलं, दुपारच्या झोपेत तुला बागा, तळी, रम्य जागा स्वप्नात दिसतात ना? तेव्हा भोवती दासी, कुबड्या, बुटक्या, पोरी असतात. तुझा जीव बाहेर जाताना किंवा आत येताना त्यांना दिसतो? नाही. मग जिवंत माणसाचा जाताना दिसत नाही तर मेलेल्याचा कसा दिसेल?

दुसरा प्रयोग वजनाचा. चोराला जिवंत तोललं, धनुष्याच्या दोरीने गळा आवळून मारलं आणि पुन्हा तोललं. पायासी म्हणतो, जिवंत असताना तो हलका, मऊ, लवचीक होता, मेल्यावर जड, ताठ झाला. काही निघून गेलं असतं तर वजन घटायला हवं होतं. कस्सपाचं उत्तर : दिवसभर तापवलेला लोखंडाचा गोळा लाल होतो तेव्हा हलका आणि मऊ होतो, निवला की जड आणि कठीण. तसंच देहात आयुष्य, ऊब आणि विज्ञान, म्हणजे जाणीव, आहेत तोवर तो हलका असतो.

प्रयोगशाळेत काम केलेल्याला यावर हसू येईल, पण थोडं जपून हसावं. गरम भांडं तराजूत ठेवू नये, ते निवू द्यावं, हे रसायनशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. तापलेल्या वस्तूभोवतीची हवा वर उठते आणि तराजू वजन खरंच थोडं कमी दाखवतो. लोखंड मात्र तेवढंच असतं. प्रेत जड लागतं तेही खांदा देणाऱ्यांना. ताठरपणा खरा आहे, मृत्यूनंतर काही तासांत स्नायू आखडतात, पण त्याने वजनात भर पडत नाही.

वजन करून आत्मा पकडण्याचा मोह पायासीबरोबर संपला नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हेवरिल गावच्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरने मरणाला टेकलेल्या सहा रोग्यांच्या खाटा काट्यावर ठेवल्या आणि 1907 मध्ये निष्कर्ष छापले. पहिल्या रोग्याचं वजन मृत्यूच्या वेळी पाऊण औंसाने, साधारण 21 ग्रॅमनी घटलं. बाकीच्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, दोन रोग्यांच्या नोंदी तर बाद कराव्या लागल्या. पंधरा कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात काही घट दिसली नाही, तेव्हा कुत्र्यांना आत्मा नसावा असं त्यांना वाटलं. जगाने सगळं सोडून 21 ग्रॅम तेवढे लक्षात ठेवले. मरताना देहाचं तापमान वाढून घामावाटे वजन घटू शकतं, ही हरकत ऑगस्टस क्लार्क या डॉक्टरने त्याच वर्षी घेतली होती.

पायासीचा तिसरा प्रयोग म्हणजे चोराला कातडी, मांस, स्नायू, हाडं न दुखावता मारणं. अर्धमेला झाला की त्याला उताणा, पालथा, कुशीवर, उलटा टांगून पाहणं, दगडाकाठीने बडवणं. डोळे आहेत, समोर रूपही आहे, तरी तो देह ते जाणत नाही. जीव तर दिसतच नाही. यावर शंखाची गोष्ट. सीमेवरच्या गावात शंख वाजवणारा आला. गावकऱ्यांनी असा आवाज कधी ऐकला नव्हता. त्यांनी शंखाला उताणा केला, पालथा केला, बडवला, 'बोल रे शंखा, बोल' म्हणून विनवलं. शंखाला माणूस, प्रयत्न आणि वारा लागतो हे त्यांच्या गावी नव्हतं.

चौथा प्रयोग सांगायला बरा नाही. जिवंत चोराची कातडी, मग मांस, मग स्नायू, हाडं, मज्जा असं थराथराने कापत जाऊन जीव शोधणं. त्यावर कस्सपाने अग्निपूजक जटाधाऱ्याची गोष्ट सांगितली. त्याने सांभाळलेला दहाबारा वर्षांचा पोर. बुवा बाहेरगावी गेले, पोर खेळात रमलं, अग्नी विझला. पोराने अरणीची लाकडं कुऱ्हाडीने फोडली, दोन तुकडे, दहा तुकडे, शंभर तुकडे, मग उखळात कांडली आणि वाऱ्यावर उफणली. अग्नी काही मिळाला नाही. बुवांनी परत येऊन अरणी घासून दाखवली.

या दृष्टांतांकडे नीट पाहिलं की एक गोष्ट खटकते, खरं तर दोन. पहिली अशी, की अरणीतला अग्नी आणि शंखातला नाद या दोन्ही गोष्टी दुसऱ्या रीतीने सिद्ध करून दाखवता येतात. बुवांनी अग्नी पेटवून दाखवला. कस्सपाने जीव दाखवला नाही. त्याने एवढंच सिद्ध केलं, की तुझी शोधण्याची रीत चुकीची असू शकते. न्यायालयाच्या भाषेत, विरुद्ध पक्षाचा पुरावा तोडला, आपला मांडला नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अग्नी लाकडात लपून बसलेला नसतो, घर्षण, कोरडं लाकूड, वारा जुळले की पेटतो. शंखाच्या पोटात नाद साठवलेला नसतो. म्हणजे या दृष्टांतांतून आत कुणी टिकाऊ रहिवासी आहे असं निघतच नाही. उलट, कारणं जुळली की जीवन घडतं, कारणं विखुरली की थांबतं, हे निघतं. बौद्ध म्हणून कस्सपाला तेच हवं होतं. 'जीव' हा शब्द पायासीने आणला, कस्सपाने तो वादापुरता उसना घेतला.

तीच गोष्ट जैनांकडे

राजप्रश्नीयात पएसी राजाला त्याचा चित्त नावाचा सारथी युक्तीने केशीकुमार श्रमणांकडे नेतो. घोडे कसे चालतात ते पाहू म्हणून रथ दामटतो आणि राजा दमला की विश्रांतीला मृगवनात आणतो. केशी हे महावीरांच्या आधीचे तीर्थंकर पार्श्वनाथ यांच्या परंपरेतले. इथे आप्त म्हणजे पापी आजोबा आणि धर्मशील आजी. उत्तरंही ओळखीची, फक्त जास्त घरगुती. तुझ्या राणीबरोबर, सूर्यकांतेबरोबर, पकडलेल्या माणसाला तू 'घरच्यांना भेटून ये' म्हणून सोडशील? स्नान करून देवळात निघालेल्या तुला कुणी शौचकूपात ये म्हणालं तर जाशील?

रांजण इथे लोखंडाचा आहे. झाकण वितळलेल्या धातूने सांधलेलं. चोर आत मेला, पण रांजणाला भोक नाही, मग जीव गेला कुठून? केशींचं उत्तर : दारं-खिडक्या गच्च लावलेल्या घरात भेरी वाजवली तर आवाज बाहेर येतोच ना? मग पएसी उलटा प्रयोग सांगतो. मेलेल्या चोराला बंद रांजणात ठेवलं, काही दिवसांनी उघडलं तर आत किडे वळवळत होते. भोक नसताना एवढे जीव आत आले कसे? तापल्या लोखंडात आग शिरते तेव्हा भोक पडतं का, हे उत्तर. फ्रान्सेस्को रेदीने 1668 मध्ये मांसाच्या बरण्यांवर कापड बांधून दाखवलं, की माशीला अंडी घालता आली नाहीत तर अळ्या होत नाहीत. पएसीच्या रांजणावर झाकण बसण्याआधी माश्यांनी आपलं काम उरकलेलं असणार. राजाने आणि श्रमणाने मिळून एका खोट्या कोड्याचं उत्तर शोधलं.

वजनापाशी मात्र मी थबकलो. पालीत मेलेला चोर जड भरतो. राजप्रश्नीयात तो जिवंतपणी जितका, तितकाच मेल्यावर भरतो. प्रयोग तोच, निकाल वेगळा. आणि निकाल बदलतो तो उत्तराच्या सोयीने. केशींना सांगायचं आहे, की जीवाला भारच नाही : हवा भरलेली मशक आणि रिकामी मशक तोलून पाहा, फरक पडतो का? कस्सपाला सांगायचं आहे, की ऊब, आयुष्य आणि जाणीव यांनी देह हलका राहतो. चोर खरोखर तराजूत बसला असता तर दोन्ही परंपरांना एकच आकडा मिळाला असता. ज्या क्षणी आकडा मताप्रमाणे बदलतो, त्या क्षणी तो आकडा राहत नाही, कथेतलं पात्र होतो.

पएसीचे आणखी काही प्रश्न पायासीकडे नाहीत, आणि ते नित्य आत्म्याच्या कल्पनेला थेट भिडतात. तरुण माणूस पाच बाण सोडतो, पोराला ते जमत नाही. जीव देहाहून वेगळा आणि तोच असेल तर पोरालाही जमायला हवं. केशी म्हणतात, त्याच तरुणाच्या हाती जुनं, झिजलेलं धनुष्य दे. म्हाताऱ्याला ओझं उचलत नाही, तर तिथे मोडकी कावड. हत्तीचा आणि बारीक किड्याचा जीव सारखाच कसा? दिवा खोलीत ठेवला तर खोलीभर उजेड, टोपलीखाली झाकला तर टोपलीपुरता. देहाएवढा होणारा जीव ही जैनांची खास कल्पना, आणि ती याहून सोप्या शब्दांत सांगणं कठीण.

बौद्धांकडेही दिवा आहे, पण तो दुसऱ्याच कामाला. मिलिंद राजाच्या प्रश्नोत्तरांच्या मिलिंदपञ्ह या ग्रंथात भिक्षू नागसेन म्हणतो, एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात जातं का? नाही, तरी दुसरा पेटतो. जैन दिवा पात्र बदलतो आणि तोच राहतो, बौद्ध दिवा दुसऱ्याला पेटवतो आणि 'तोच का' या प्रश्नाला हो म्हणता येत नाही आणि नाहीही.

ही अडचण आपल्याकडे सर्वांत ठामपणे मांडली ती डॉ. आंबेडकरांनी. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. प्रास्ताविकातच ते विचारतात, बुद्धाने आत्मा नाकारला आणि कर्म व पुनर्जन्म मानले, हे जुळायचं कसं? पुढे ते प्रश्न दोन करतात : पुनर्जन्म कशाचा, आणि पुनर्जन्म कुणाचा? कशाचा, याचं उत्तर ते देतात : पृथ्वी, आप, तेज, वायू या घटकांचा, जे मरणानंतर त्या त्या साठ्यात मिसळतात आणि पुन्हा जुळतात. तोच माणूस पुन्हा येतो, हे मात्र ते मानत नाहीत. यातलं महाभूतांचं विघटन पायासीला विनातक्रार पटलं असतं. 1956 मध्ये नागपूरला दीक्षा घेतलेल्यांच्या नातवंडांना पायासीसुत्त वाचताना कस्सपापेक्षा पायासी जवळचा वाटला, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

सोडवत नाही

इतकं ऐकूनही पायासी म्हणाला, हे मत मला सोडवत नाही. पसेनदी राजा आणि बाहेरचे राजे मला याच मताचा म्हणून ओळखतात. सोडलं तर म्हणतील, केवढा मूर्ख होता! रागाने, हेक्याने का होईना, मी ते धरून ठेवीन. कबुली इतकी सरळ आहे, की वाचताना माणूस आवडायला लागतो. पएसीचं कारण निराळं : आजोबांचं मत, बापाचं मत, कुळात चालत आलेलं, ते कसं टाकू?

दोघांनाही मिळालेलं उत्तर एकाच घडणीचं. कस्सपाच्या गोष्टीत दोघे मित्र ओसाड गावात शिरतात. ताग मिळतो, दोघे भारे बांधतात. पुढे तागाचं सूत, कापड, मग लोखंड, तांबं, रुपं, सोनं सापडत जातं. एक जण दर वेळी भारा बदलतो. दुसरा म्हणतो, मी तागाचा भारा लांबून आणलाय, नीट बांधलाय, मला हाच पुरे. केशींकडे तोच माणूस लोखंडाचा भारा घेऊन घरी येतो. दृष्टांत झकास आहे, पण परलोक हे सोनं आणि संशय हा ताग, हे आधीच ठरवून सांगितलेला. गाठोडी उलटीही बांधता येतात.

शेवटी पायासी शरण गेला. आणि म्हणाला, पहिल्याच दृष्टांताने मी राजी झालो होतो, पण तुमची उत्तरं ऐकायची हौस होती म्हणून विरोध करत राहिलो. हे खरं की हरलेल्याने राखलेली अब्रू, ते ज्याने त्याने ठरवावं.

ज्याचा हिशेब नाही

या सगळ्यात चोराला कुणी विचारत नाही. पायासी मोकळेपणाने सांगतो, मी चोर असा मारला, तसा मारला. समोर बसलेला भिक्षू, ज्याच्या शीलांत पहिलंच प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं आहे, दृष्टांत देतो, प्रयोगाची रीत चुकीची ठरवतो, पण 'असं करू नकोस' म्हणत नाही. जैन ग्रंथात हे आणखी टोचतं. तिथे पएसी अधर्मी, क्रूर, हात रक्ताने माखलेला असं वर्णन सुरुवातीला येतं, तरी वाद चालू असताना मेलेल्या चोराबद्दल अवाक्षर नाही. आणि तो चोर पुढे कुठे जन्मला? परलोक असल्याचा सबंध वाद ज्याच्या देहावर झाला, त्याच्या परलोकाची चौकशी ना राजाने केली ना श्रमणाने.

कर्माचा हिशेब जन्मोजन्मी चालतो असं सांगणाऱ्या ग्रंथांत या हत्यांची नोंद कुठे पडते, हेही पाहण्यासारखं आहे. पएसी श्रावक झाला, सात हजार गावांच्या उत्पन्नाचे चार भाग करून एक दानाला लावला आणि राज्यातून लक्ष काढलं. सूर्यकांता राणीने त्याला विष दिलं. तिच्यावर राग न धरता तो मेला आणि सौधर्म स्वर्गात सूर्याभ देव झाला. पायासीने दान सुरू केलं, पण कसलं? कण्यांचा भात, वर आंबट पेज आणि गाठी मारलेली जाडीभरडी वस्त्रं. दानावर नेमलेला उत्तर नावाचा तरुण दर वेळी वाटप झालं की म्हणायचा, पायासी राजाशी माझी गाठ याच लोकी पडो, परलोकी नको. राजाच्या कानी गेलं, त्याने बोलावून विचारलं. उत्तर म्हणाला, जे तुम्ही पायानेही शिवणार नाही त्याच्याशी तुमच्यासारख्या प्रिय माणसाला आम्ही कसं जोडणार? मग राजाने आपण खातो तसलंच अन्न वाटायला सांगितलं. मेल्यावर पायासी चातुर्महाराजिक देवांत, सेरीसक नावाच्या रिकाम्या विमानात, म्हणजे देवांच्या महालात, जन्मला, आणि मनापासून, स्वतःच्या हाताने वाढणारा उत्तर त्याच्या वरच्या त्रायस्त्रिंश लोकात. एक पायरी खाली का, याचं कारण सुत्त देतं : दान हातचं न देता, मन न लावता, टाकून दिल्यासारखं दिलं. चार प्रयोगांत गेलेल्या माणसांचा त्यात उल्लेख नाही.

त्या रिकाम्या विमानात गवंपती नावाचा भिक्षू दुपारच्या विश्रांतीला जायचा. त्याने विचारलं, आयुष्मान, तू कोण? मी पायासी, भन्ते. परलोक नाही म्हणणारा तो तूच ना? तोच. मग पायासीने निरोप दिला, की माणसांना सांगा, दान मन लावून, स्वतःच्या हाताने द्या, आणि मी कुठे जन्मलो, उत्तर कुठे जन्मला, तेही सांगा. गवंपतीने परत येऊन लोकांना ते सांगितलं. म्हणजे पायासीने आप्तांकडून जे मागितलं होतं ते सुत्ताच्या शेवटी त्याने स्वतःच केलं, मात्र आला तो नाही, आला त्याचा निरोप, आणि आणणारा वाद जिंकलेल्या पक्षाचा. माडीवरच्या पायासीने हा निरोप घेतला नसता. त्याने कस्सपाला विचारलं होतं तेच गवंपतीला विचारलं असतं, की हे तुला कुणी सांगितलं.